सरपणातली खुडूक आणि कुत्र्याचा घास

विघ्ने दूर करणाऱ्या गणरायाला, जिच्या काठी माझे सारे आयुष्य गेले त्या गोदामाईला, आणि कवचाआडच्या अंधारात इवल्या जीवाला श्वास घ्यायला शिकवणाऱ्या त्या शक्तीला प्रथम नमस्कार करतो. आज सर्वपित्री अमावास्या. तर्पण झाले, नैवेद्य झाला, पाने उचलली गेली, आणि आता दुपार कलंडली असताना हे लिहायला बसलो आहे. या पंधरवड्यात माणसाने आपल्या कुळातल्या गेलेल्यांचे स्मरण करावे असे शास्त्र सांगते. मी ज्यांचे स्मरण लिहिणार आहे ते माझ्या कुळातले नाहीत. एक कोंबडी, तिची अंडी आणि शेजारचा एक कुत्रा, एवढेच ते आहेत.

मी सायखेड्याच्या शाळेत तीस वर्षे संस्कृत शिकवले. त्याआधी पंचवटीतल्या पाठशाळेत दहा वर्षे शिकलो. गावात माझे घर नदीच्या बाजूला आहे. पुढे दोन खोल्या, मागे पत्र्याखालची सरपणाची खोली. दोन वर्षांपूर्वी पत्नी गेली, तेव्हापासून चूल पेटत नाही, पण सरपण तिने रचले होते तसेच आहे. घरापासून दहा पावलांवर शेजाऱ्यांचे घर. तिथे आता वहिनी एकट्या राहतात. त्यांचे यजमान वारले, मुलगी लग्न होऊन नाशकात इंदिरानगरला गेली, आणि वहिनींजवळ उरल्या त्या पाच-सहा गावठी कोंबड्या. मी त्यांना वहिनी म्हणतो, त्या मला गुरुजी म्हणतात. माझ्या पत्नीला त्या माई म्हणत, वयाने थोरल्या असूनही.

यंदा नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी वहिनी ओल्या अंगणात घसरून पडल्या. मांडीचे हाड मोडले. रुग्णवाहिका आली, शेजारच्या चौघांनी त्यांना उचलले, आणि मी त्यांच्या उशाशी छत्री धरून उभा होतो. त्या वेदनेत त्यांनी घराची किल्ली मागितली नाही, मुलीची चौकशी केली नाही. माझे धोतर धरले आणि म्हणाल्या, "गुरुजी, माझी तांबडी खुडूक आजच तुमच्या सरपणात बसलीय. अकरा अंडी हायेत. एकवीस दिवस तिला कुणी उठवू नका."

मी मान हलवली. गाडी निघून गेली तरी मी छत्री उघडी धरून तिथेच होतो, पाऊस थांबून बराच वेळ झाला होता.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. कोंबडी अंडी देता देता एके दिवशी थांबते, अंग फुगवते, घशातून खुड-खुड असा जाड आवाज काढू लागते आणि अंड्यांवर ठाण मांडून बसते. अशा कोंबडीला खुडूक म्हणतात. मग ती खाणेपिणे जवळजवळ सोडते, हाताला टोचते, आणि एकवीस दिवसांनी तिच्याखालून पिले निघतात. हे ज्ञान मला पाठशाळेत मिळाले नव्हते. खुडूक कोंबडीचा आवाज मात्र मला चाळीस वर्षांपासून ठाऊक होता. तो याच सरपणाच्या खोलीतून आला होता, आणि पुढे तिथे कोंबडी नसतानाही येत राहिला.

चाळीस वर्षांपूर्वी, याच पंधरवड्यात, माझ्या वडिलांच्या श्राद्धाच्या आदल्या दिवशी, वहिनींची अशीच एक कोंबडी आमच्या लाकडांमागे बसलेली मला सापडली. श्राद्धाच्या अन्नावर कोंबड्याची आणि कुत्र्याची दृष्टी पडू नये, असे मी शिकलो होतो आणि अक्षरशः पाळत होतो. स्वयंपाकाची चूल त्या खोलीच्या भिंतीला लागून होती. पत्नी म्हणाली, शेजारी सांगू या, त्यांच्या हाताने हलवतील. मला ते लांबण वाटले. मी काठीने कोंबडीला बाहेर काढले, अंडी टोपलीत भरली आणि नदीकडच्या उताराला गेलो. वाटेत टोपलीतून आवाज आला. अगदी बारीक, दोनदा. एका अंड्याच्या आत पिलू बोलत होते. अठरा-एकोणीस दिवस झाले असावेत. मी थांबलो, एवढे मी स्वतःच्या बाजूने सांगू शकतो. मग पुढे चालू लागलो आणि टोपली उतारावर उलटी केली.

परत आलो तेव्हा पत्नी दारात होती. "एकातून आवाज येत होता ना?" तिने विचारले. उद्या श्राद्ध आहे, असे मी म्हणालो. ती आत गेली. त्या गोष्टीविषयी ती त्यानंतर एक शब्दही बोलली नाही.

कोंबडी दोन दिवस आमच्या घराभोवती खुड-खुड करत फिरली. शेजाऱ्यांचा कुत्रा उतारावर गेला असावा, कारण तो घरी आला तेव्हा त्याच्या जबड्याला ओले पीस आणि बलक लागलेले होते. वहिनींचे यजमान माझ्याकडे आले. श्राद्धाचे ब्राह्मण नुकतेच उठले होते. अंगणाबाहेर उभे राहून त्यांनी विचारले, "गुरुजी, आमचा कुत्रा तुमच्या सरपणात शिरला होता का?" मी म्हणालो, "काल त्याला नदीकडून येताना पाहिला." हे खरे होते. मी त्याला नदीकडून येताना पाहिला होता. त्या वाक्यातला एकही शब्द खोटा नव्हता आणि मी ते तसेच, शब्द मोजून, बोललो होतो. आठवड्याभरात तो कुत्रा गावात दिसेनासा झाला. कुठे गेला हे मी विचारले नाही.

म्हणून यंदा वहिनींची गाडी गेल्यावर मी घरात आलो, हातपाय धुतले, देवापुढे बसून तळहातावर पाणी घेतले आणि संकल्प केला. ही अंडी पिले होऊन जिवंत वहिनींच्या हाती पडतील, आणि त्यांच्याबरोबर चाळीस वर्षांपूर्वीचे सत्यही पडेल. पाणी ताम्हनात सोडले. सोडलेले पाणी परत घेता येत नाही.

दुसऱ्या दिवशी पत्रा गळू लागला. कोंबडी जिथे बसली होती तिथे खालचे सरपण भिजले, म्हणून अंडी हलवणे भाग होते. मी वेताची पाटी घेतली, तळाशी चुलीतली जुनी राख पसरली, वर कोरडा पेंढा घातला. कोंबडी दिवसातून एकदा उठते, दाणा टिपते, पाणी पिते, धुळीत अंग घुसळते आणि घटकाभरात परतते. ती उठण्याची मी वाट पाहिली. मग अंड्यांना हात लावायची वेळ आली आणि माझा हात पुढे होईना. सत्तर वर्षांचे सोवळे एका संकल्पाने जात नाही. शेवटी मला एक वाट सुचली. देवघरातला गंगेचा गडू आणला, त्यात तुळशीचे पान टाकले आणि एकेक अंडे त्या पाण्यात बुडवून, चोळून, स्वच्छ पुसून पाटीत ठेवले. विष्ठेचे डागही राहू दिले नाहीत. मनात म्हटले, आता ही पवित्र झाली. कोंबडी परत आली, पाटीभोवती दोनदा फिरली, चोचीने अंडी सारखी केली आणि बसली. मला मोठे समाधान वाटले.

चौथ्या दिवशी वहिनींची शस्त्रक्रिया झाली. सहाव्या दिवशी मुलीने फोन लावून दिला. मी सारा वृत्तान्त सांगितला, गंगेच्या पाण्यासह. पलीकडे आधी हसू आले, खोकल्यासारखे, दुखत असताना येते तसे.

"अभिषेक घातला व्हय? गुरुजी, अंडी हायेत ती, शाळिग्राम नाय."

मग म्हणाल्या, अंडी धुवायची नसतात. मी कारण विचारले तेव्हा त्यांनी सावकाश समजावले. अंड्यावर आईच्या पोटातूनच एक लेप येतो, डोळ्याला दिसत नाही. तो आहे तोवर आत घाण जात नाही. धुतले की लेप जातो, कवचाची बारीक छिद्रे उघडी पडतात, ओल आत मुरते आणि अंडे आतल्या आत नासते. मळके अंडे कोरड्या फडक्याने पुसावे, फार तर. आता जे झाले ते झाले. कोंबडी बसलेली आहे, तिला बसू द्या, आणि आठव्या दिवशी एकेक अंडे उजेडासमोर धरून बघा.

फोन ठेवून मी ओटीवर बसलो. चाळीस वर्षांपूर्वी मी सोवळ्यासाठी अंडी उतारावर ओतली. या वेळी सोवळ्यासाठीच त्यांना न्हाऊ घातले. दोन्ही वेळा हात माझेच, आणि दोन्ही वेळा मला आपण योग्य तेच करतो आहोत असे वाटले होते. आतून कोंबडीचा तो जाड आवाज येत होता. तो या कोंबडीचा होता की त्या, हे ठरवायला मी उठून आत जाऊन पाहिले. त्या महिन्यात असे मला अनेकदा उठून पाहावे लागले.

उजेडासमोर धरण्याची रीत वहिनींनीच सांगितली. सरपणाच्या खोलीच्या पत्र्याला खिळ्याचे एक भोक आहे. दुपारी बाराच्या सुमारास, ढग हटले तर, त्यातून काठीसारखे सरळ ऊन खाली येते. दार लावून घ्यायचे, मुठीची नळी करायची, तिच्यावर अंडे टेकवायचे आणि त्या उन्हात धरायचे. पहिले अंडे धरले, ते नुसतेच पिवळसर उजळले, आत काही नव्हते. दुसरे धरले. आत तांबड्या शिरांचे जाळे पसरले होते, कोळ्याच्या जाळ्यासारखे, आणि मध्ये एक काळा ठिपका हलत होता. हिरण्यगर्भ हा शब्द मी तीस वर्षे फळ्यावर लिहिला, मुलांकडून त्याचा विग्रह करून घेतला. तो माझ्या हाताला कधी कोमट लागला नव्हता.

त्या दिवशी दोन अंडी रिकामी निघाली. पंधराव्या दिवशी आणखी तीन काळपट दिसली, आतले हलेना, कवचाला बारीक घाम आला होता आणि वास सुटला होता. नासलेले अंडे फुटले तर बाकीचीही जातात, म्हणून ती काढणे आवश्यक होते. ही तीन माझ्या अभिषेकाची. मी ती परड्यात खोल पुरली, उतारावर नेली नाहीत. पाटीत सहा राहिली.

वहिनी दर दोन दिवसांनी फोनवर विचारत. मी आकडा सांगे, त्या 'बरं' म्हणत. एकदा त्यांनी पाटीत कोळसा आणि लोखंडाचा खिळा ठेवायला सांगितले, श्रावणात वीज कडाडली तर अंड्यातला जीव दचकतो म्हणून. मी ठेवला. ग्रहणात आम्ही अन्नावर दर्भ ठेवतो, तेव्हा त्याचे कारण कुणी विचारत नाही. पाण्यासाठी मातीची उथळ परई, दाण्यासाठी कणी, दाराच्या फटीला मुंगूस शिरू नये म्हणून विटा, कोपऱ्यात कडुलिंबाचा पाला, म्हणजे पाटीत उवा होत नाहीत. सुरुवातीला मी प्रत्येक वेळी खोलीतून बाहेर आल्यावर स्नान करत असे. दुसऱ्या आठवड्यात नुसते हातपाय धुऊ लागलो. ते केव्हा बदलले हे माझ्याही लक्षात आले नाही.

पोळ्याला चार-पाच दिवस राहिले असताना, एकविसाव्या दिवशी सकाळी, कोंबडीच्या खुडखुडीत दुसरा आवाज मिसळला. मी खाली वाकलो. अंडी अजून अखंड होती आणि आतून पिले बोलत होती. कोंबडी हलक्या आवाजात त्यांना उत्तर देत होती. मला तिथे उभे राहवेना. बाहेर येऊन मी जप सुरू केला, पण माळेतला प्रत्येक मणी त्या आवाजावर पडत होता. संध्याकाळपर्यंत तीन पिले निघाली, दुसऱ्या दिवशी पहाटे आणखी दोन. ओली, डोळे मिटलेली, मान पेलत नाही अशी. तासाभरात वाळून ती कापसासारखी झाली.

सहावे मात्र निघेना. त्याने कवचाला चोच लावून एक टवका उडवला आणि तिथेच थांबले. बाविसाव्या दिवशी कोंबडी आपली पाच पिले घेऊन पाटीतून उतरली. चालणाऱ्यांना घेऊन ती निघते, मागे राहिलेल्याकडे वळून पाहत नाही. रिकाम्या पाटीत ते एकच अंडे पडले होते आणि त्याच्यातून आवाज येत होता. अगदी बारीक, दोनदा. मग शांत. मग पुन्हा दोनदा.

मी फोन लावला. वहिनींनी एकच बजावले, कवच सोलायचे नाही. आत रक्ताच्या शिरा असतात, त्या सुकून पिलाच्या अंगात ओढल्या जाईपर्यंत ते स्वतःच थांबलेले असते. आपण घाईने सोलले तर रक्त जाऊन मरते. त्याला ऊब द्या आणि वाट पाहा, म्हणाल्या.

पत्नीचे एक जुने सुती लुगडे ट्रंकेत होते, धुऊन धुऊन मऊ झालेले. ते मी घडी करून छातीशी धरले, त्यात अंडे ठेवले, वर दोन्ही तळवे ठेवले आणि ओटीवर भिंतीला टेकून बसलो. त्या दिवशी माध्याह्न संध्या झाली नाही, नैवेद्य झाला नाही. माझ्या स्मरणात असे पहिल्यांदाच घडले. जीव आतून टकटक करत होता. मी ज्या टोपलीतून तो आवाज ऐकून पुढे चाललो होतो ती टोपली माझ्या मांडीवर आहे असे मला वाटत राहिले, आणि कुणीतरी दारात उभे आहे असेही. दारात कुणी नव्हते, मी दोनदा पाहिले. तिसऱ्यांदा पाहिले नाही. आवाज बंद झाला की मी श्वास रोखत असे, आणि बराच वेळ गेल्यावर तो पुन्हा येई. ऊन ओटीवरून अंगणात उतरले तेव्हा कवच मधोमध फुटले आणि पिलू लुगड्यावर पडले. संध्याकाळी अंधारून येताना मी ते हळूच कोंबडीच्या पंखाखाली सरकवले. तिने ते ठेवून घेतले.

सहा पिले. पहिल्या आठवड्यात बारीक दळलेली कणी आणि बाजरी, परईत गोटे टाकून ठेवलेले पाणी, म्हणजे पिलू बुडत नाही. अंगणात सोडताना वर डालगे, म्हणजे बांबूची मोठी टोपली, उपडे घालायचे. डालग्याखाली कोंबडी तडफडे, म्हणून दुसऱ्या आठवड्यात मी स्वतः शेजारी राखण बसू लागलो आणि डालगे बाजूला ठेवले. एका सकाळी ती सारी पायाशी टिपत असताना मी एक माळ जपावी म्हणून डोळे मिटले. कोंबडीने एक लांब, कापरी किंकाळी दिली. डोळे उघडले तेव्हा घारीची सावली परड्याच्या कुंपणावरून पलीकडे जात होती. कोंबडीच्या पंखांखाली मी हात घालून मोजले. पाच. गेलेले कोणते, छातीशी जन्मलेले की दुसरे, मला ओळखता आले नाही. त्यानंतर राखणीच्या वेळी मी डोळे उघडे ठेवून नाम घेतले.

या महिन्याच्या वद्य द्वादशीला वहिनी परतल्या. मुलीने त्यांना ओटीवरच्या बाजेवर बसवले, चालायचा चौपायी आधार जवळ ठेवला आणि भाजी आणायला गेली. मी डालग्यात घालून कोंबडी आणि पाच पिले नेली. पिले महिन्याची झाली होती, पंखांवर खरी पिसे फुटली होती. वहिनींनी एकेक हातात घेऊन उलटसुलट पाहिले, पोटऱ्या चाचपल्या. "अभिषेकाची असून बरी पोसलीत," म्हणाल्या.

मला बसायला सांगितले, मी बसलो नाही. उभा राहूनच सांगितले. काठी, टोपली, उतार, अंड्यातला आवाज, आणि त्यांच्या यजमानांना दिलेले उत्तर. काही गाळले नाही.  वहिनींनी हातातले पिलू कोंबडीजवळ सोडले.

"मग कुत्र्यानं नव्हती काढली अंडी," त्या म्हणाल्या.

नाही, मी म्हणालो.

मग त्यांनी मी चाळीस वर्षे न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दिले. अंड्याची चव लागलेला कुत्रा घरात ठेवता येत नाही, असे ठरले. नाशकापलीकडच्या घोटीला तांदूळ आणायला टेम्पो जाणार होता. त्यात कुत्र्याला घातले आणि बाजारात सोडून दिले. इथवर मी काहीसे कल्पिले होते.

"तो परत आला होता, गुरुजी," वहिनी म्हणाल्या. "बारा दिवसांनी. पाय फुटलेले, कान फाटलेला. दारात येऊन बसला आन् शेपूट हलवली."

त्यांचे यजमान पुन्हा त्याला न्यायला निघाले, या वेळी घोटीच्याही पुढे, घाटापलीकडे. कुत्रा टेम्पोत चढेना, मालकाच्या हाताला येईना. वहिनींनी त्याला भाकरी दाखवली, तेव्हा तो आला. "दोरी मी धरली होती. माझ्या हातची भाकरी खात खात चढला. दुसऱ्यांदा नाय आला."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपे गेले असते. त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. त्या आपल्या उजव्या हाताकडे पाहत होत्या. चाळीस वर्षे त्या हाताने जे केले ते योग्य होते असे त्यांना वाटत आले होते, आणि तेवढा आधार मी नुकताच काढून घेतला होता. सत्य सांगून मी हलका होईन असे मला वाटले होते. ओझ्यातला अर्धा भाग मी त्यांच्या बाजेवर ठेवला होता, एवढेच.

मी क्षमा मागितली.  त्या म्हणाल्या, "माईंना ठाऊक होतं. कुत्रा परत आला त्या दिवशी त्या इथंच होत्या. रडल्या होत्या. मला वाटलं, मुक्या जीवासाठी रडतायत."

तेव्हा मला एक गोष्ट उलगडली. श्राद्धाच्या दिवशी पितरांच्या पानाबरोबर गाय, कावळा आणि कुत्रा यांचे घास वेगळे काढायचे असतात. दरवर्षी कुत्र्याचा घास माझी पत्नी स्वतः फाटकाबाहेर नेत असे. तो इतरांहून मोठा असे, आणि तो कुणी खाईपर्यंत ती उन्हात उभी राहत असे. पाने थांबली आहेत म्हणून मी तिला आतून हाका मारत असे, कधी कठोर शब्दांत. ती म्हणे, "येते, अजून आला नाही." दोन्ही घरांतले अर्धे अर्धे सत्य एकट्या तिच्याजवळ होते. माझी लाज राखायला तिने ते शेजारी सांगितले नाही, आणि शेजारचे मला सांगितले नाही.

मी निघालो तेव्हा वहिनींनी विचारले, "गुरुजी, तुमच्या तर्पणात कुत्र्याला चालतं का?"

चालते, मी सांगितले. ब्रह्मदेवापासून गवताच्या काडीपर्यंत सगळ्यांना त्यात पाणी दिले जाते, ज्यांना देणारे कुणी उरले नाही त्यांनाही. त्यांनी मान हलवली. "मग अमावास्येला त्याचा घास मी ठेवीन," म्हणाल्या.

आज सकाळी नदीत उभे राहून मी आधी कुळाला पाणी दिले, मग पत्नीला, मग त्या जीवांना. अंड्यांत बोललेल्याला, मी धुऊन मारलेल्या तिघांना, घारीने नेलेल्याला, आणि त्या कुत्र्याला, ज्याचे गोत्र मला उच्चारता आले नाही. माध्याह्नी वहिनी आधार टेकत, मुलीला धरू न देता, आपल्या फाटकापर्यंत आल्या. त्यांच्या हातात दुधात कुस्करलेली भाकरी होती. त्यांचा कुत्रा भात खात नसे, असे त्यांनी सांगितले. केळीच्या पानावर भाकरी ठेवून त्या घोटीच्या दिशेने तोंड करून उभ्या राहिल्या. मी माझ्या फाटकाशी उभा राहिलो. आमच्या मध्ये दहा पावलांची वाट होती आणि तिच्यावर कुणी नव्हते.

बराच वेळ कुठलाही कुत्रा आला नाही. आली ती तांबडी कोंबडी. तिने पानावर मान तिरकी केली, एक तुकडा उचलून खाली टाकला आणि पिलांना हाक घातली. पाचही धावत आली. श्राद्धाच्या दिवशी, पितरांसाठी मांडलेल्या घासावर. मुलगी त्यांना हाकलायला पुढे झाली. वहिनींनी आधाराची दांडी आडवी धरून तिला थांबवले. मग माझ्याकडे पाहिले, ओटीवरच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. मी हात जोडले. त्यांनी जोडले नाहीत, पण मान वळवलीही नाही. पान रिकामे होईपर्यंत आम्ही दोघे आपापल्या जागी उभे होतो.

आता लिहिता लिहिता मागच्या खोलीतून तोच आवाज येतो आहे. कोंबडी वहिनींच्या खुराड्यात आहे, हे मला ठाऊक आहे. मी उठून पाहणार नाही. येऊ दे.

वाचकहो, तुमच्या घरातल्या पाटीखालच्या प्रत्येक जीवाला त्याचे एकवीस दिवस पूर्ण मिळोत. तुमच्या मुलाबाळांवर घारीची सावली न पडो. तुमच्या दारातून घालवलेला कुणी परत आला, तर त्याला ओळखणारे डोळे आणि रिकामा हात तुमच्याजवळ असो. तुमच्या चुलीला ऊब, पितरांना तृप्ती आणि तुम्हाला वेळेवर बोलण्याचे बळ गोदामाई देवो. शुभं भवतु.